रिओ नेग्रो नदी कुठून येते आणि तिचे पाणी काळे का असते?

रिओ नेग्रोचा उगम कोलंबियाच्या पूर्वेकडील सखल अरण्यात होतो. तेथे तिला ग्वाइनिया म्हणतात. पुढे कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरून ती ब्राझीलमध्ये शिरते आणि मनाउसजवळ सोलिमोएसला, म्हणजेच ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला, मिळते. एवढे कोणताही नकाशा सांगेल. तिला ओरिनोको नदीशी जोडणारी कासिकियारे मात्र अनेक नकाशांवर नसते, आणि माझ्या मते तीच या नदीची खरी ओळख आहे.

व्हेनेझुएलात ला एस्मेराल्दा या गावाच्या खालच्या अंगाला ओरिनोको दुभंगते. तिचा एक फाटा, म्हणजेच कासिकियारे, तीनशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन ग्वाइनियाला मिळतो आणि त्या संगमापासून पुढे नदी रिओ नेग्रो म्हणून ओळखली जाते. एका शालेय भित्तिनकाशाचे काम करताना मी हा फाटा दाखवला, तेव्हा आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती रेघ खोडली. दोन खोऱ्यांच्या मध्ये जलविभाजक, म्हणजे त्यांचे पाणी वेगळे ठेवणारा उंचवटा, असतोच, तो ओलांडून नदी वाहणार कशी, असा त्यांचा सवाल होता. जेझुइट पाद्री मानुएल रोमान 1744 मध्ये याच फाट्यातून गेले होते आणि 1800 मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनी नावेतून तो पार केला, हे मी सांगितले. त्यावर प्रवासी काहीही लिहितात, असे उत्तर मिळाले आणि नकाशा त्या रेघेविनाच छापला गेला. जलविभाजक उंचवट्यामुळे ठरतो, आणि जेथे जमीन जवळजवळ सपाट आहे तेथे पाण्याने व्याख्येचा मान राखावा, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे.

पाण्याच्या रंगाचे कारण सोपे आहे. या खोऱ्यातील बराच भाग निकस, वालुकामय मातीचा आहे. कुजणाऱ्या पाल्यातील सेंद्रिय आम्ले तीत अडून न राहता नदीत उतरतात, गाळ फारसा नसतो, त्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. सोलिमोएस मात्र अँडीजचा गाळ आणते. वेग, तापमान आणि घनता यांतील फरकामुळे मनाउसखाली दोन्ही प्रवाह सुमारे सहा किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात.

अर्थात, या खोऱ्यातील प्रत्येक नदी काळी नाही. रिओ ब्रांकोचे पाणी गढूळ, फिकट असते आणि कासिकियारेही ओरिनोकोचे उजळ पाणी घेऊन निघते, वाटेत काळ्या उपनद्या मिळाल्यावर गडद होते. तेव्हा नकाशासंग्रह विकत घेताना दक्षिण अमेरिकेचे पान आधी उघडावे, आणि पुरेशा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरही ओरिनोको व रिओ नेग्रो यांना जोडणारी रेघ नसेल, तर संपादकांना लेखी जाब विचारावा.