प्लाय म्हणजे चाल नव्हे हो!

प्रश्न असा आलाय: "बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहितोय, सर्च आठ प्लायपर्यंत जातो. मराठीत 'आठ चाली' म्हटलं तर चालेल का? आणि मूव्ह ऑर्डरिंग (कुठला पर्याय आधी तपासायचा तो क्रम) सुधारलं की नाही ते कसं मोजायचं?"

नाही चालणार! 'इंजिन वीस चाली पुढचं बघतं' ऐकून ऐकून कान किटलेत. स्कोअरशीटवर पांढऱ्याचं आणि काळ्याचं मिळून एक नंबर पडतो, प्लाय म्हणजे त्यातलं एकाचंच खेळणं, म्हणजे वीस प्लायच्या दहाच चाली झाल्या की.

हा शब्द या अर्थाने आणला आर्थर सॅम्युअलने, आयबीएममध्ये चेकर्स हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम केला त्याने, त्यावरच्या १९५९च्या लेखात. मूळ लॅटिन, घडी घालणे. सुतार '१८ एमएमचा प्लाय' म्हणतो तो हाच, विणणाऱ्या बायका चार प्लायची लोकर मागतात तीही हीच. आणि खरी गंमत पुढेच, 'रिप्लाय' पण याच घरातला, मुळात उलटं दुमडणं, म्हणजे प्रत्येक प्लायला समोरच्याचा रिप्लाय! 'मल्टिप्लाय' म्हणजे अनेक घड्या, आणि आता आपल्याकडे बघा: दुप्पट, दहापट, बाळाचं दुपटं आणि ज्यावर डाव मांडतो तो बुद्धिबळाचा पट. हे सगळे पट एकाच ठाणातले अशी माझी आपली लाडकी समजूत, हसायचं तर हसा.

काही जाणकार 'अर्धचाल' सुचवतात. ऐकायला अर्धशिशीसारखं वाटतं. घडीची पोळी तव्यावर फुगली की तिच्या काय अर्धपोळ्या सुटतात? पदर सुटतात! प्लाय भिजला तरी पदरच सुटतात. तेव्हा 'आठ पदर खोल सर्च' म्हणा, संपला विषय.

हां, मोजमाप राहिलंच. दर वेळी ३५ पर्याय धरले तर चार पदरांखाली १५,००,६२५ पोझिशन तपासाव्या लागतात, पण अल्फा-बीटाला (निकाल बदलू न शकणारे पर्याय न तपासताच सोडून देणारी सर्चची पद्धत) प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम पर्याय आधी मिळाला तर फक्त २,४४९ (कनुथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांचं १९७५चं गणित). त्याच हिशोबाने तीन पदरांना १,२५९ आणि पाचांना ४४,०९९. म्हणजे तीनवरून चारवर जाताना दुप्पटसुद्धा नाही आणि चारवरून पाचवर एकदम अठरापट! म्हणून एका पदराची वाढ बघून ऑर्डरिंग सुधारलं म्हणून नाचू नका, सम-विषमचा खेळ असतो तो, दोन-दोन पदरांच्या अंतराने तुलना करा.

त्याहून सोपं म्हणजे जिथे जिथे कटऑफ झाला, म्हणजे उरलेले पर्याय बघायची गरजच संपली, तिथे तो पहिल्याच पर्यायाला किती वेळा झाला ते मोजा, नव्वद टक्क्यांच्या आसपास यायला हवं. फारच खाली असेल तर बघा, तुमचा प्रोग्रॅम वजिराने प्यादं मारून बघतोय आधी आणि प्याद्याने वजीर मारणं ठेवतोय शेवटी.