‘रोग’ नको, ‘चोर’ही नको, मग काय?

जळगावचा एक गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळाची पात्रपत्रकं, म्हणजे पात्राचे गुण नि सामान लिहायचे कागद, मराठीत करतोय. त्यांची अडचण अशी: खेळात चोरपावली, हिकमती पात्रांचा एक वर्ग आहे, इंग्रजीत ‘रोग’ (rogue). ‘रोग’ लिहिलं की आजार वाटतो. ‘चोर’ लिहिलं की खेळणारा पहिल्याच बैठकीत सोबत्यांच्याच थैल्या कापायला लागतो. तिसरा शब्द कोणता?

माझं मत ‘बेरकी’ला. ‘चोर’ मात्र फेकून देऊ नका, त्याची जागा वेगळी आहे. १९७४च्या मूळ खेळात लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच वर्ग होते. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चौथा आला, त्याचं नाव सरळ ‘थीफ’. जुने नियम खेळत असाल तर तिथे ‘चोर’च बरोबर. २००० सालच्या आवृत्तीपासून वर्गाचं नाव ‘रोग’ झालं आणि २०१४च्या नियमांत ‘थीफ’ ही त्याची एक शाखा उरली, मारेकऱ्याच्या शेजारी. म्हणून वर्ग बेरकी, शाखा चोर.

‘भामटा’ टाळा. राजपूत भामटा हे विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे. ‘उचल्या’चंही तसंच. ‘चोट्टा’ खेळताना तोंडी चालेल, पत्रकावर नको.

खरा घोळ ‘स्नीक अटॅक’चा, म्हणजे संधी साधून जादा इजा करायच्या बेरकीच्या डावाचा. ‘छुपा हल्ला’ म्हटलं की खेळणारा दर फेरीला लपायला जागा शोधतो आणि पाळी वाया घालवतो. २०१४च्या नियमांत लपणं सक्तीचं नाही. फाशात वरचढ असलात, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेत असलात, तर पुरे. किंवा सावजाचा दुसरा एखादा शुद्धीवरचा वैरी त्याच्यापासून ५ फुटांच्या आत उभा हवा. मात्र तेव्हा तुमची बाजू पडती, म्हणजे दोन फासे टाकून लहान घ्यायची, नसावी. शस्त्र चपळाईचं किंवा लांबून मारायचं लागतं: खंजीर चालतो, तीरकामठा चालतो, ज्वारी राखायची गोफणसुद्धा चालते. कुऱ्हाड आणि लाठी नाही. इजा मोजायला पहिल्या पातळीला सहा बाजूंचा १ जादा फासा, पुढे दर विषम पातळीला एकेक वाढून १९व्या पातळीला १०. एका पाळीत एकदाच. याला ‘वर्मी घाव’ म्हणा. लपण्याचा संबंधच तुटतो.

‘थीव्ह्ज टूल्स’ना ‘हत्यारं’ म्हणू नका, कोणीतरी ती शस्त्रांच्या रकान्यात भरणारच. ‘अवजारं’ लिहा आणि खाली यादी द्या: छोटी कानस, कुलपाच्या तारा, दांडीचा आरसा, अरुंद पात्याची कात्री, पक्कड. कटावणी यात नाही. ती दार फोडते, कुलूप उघडत नाही.

राहिली चोरांची सांकेतिक बोली. तिच्या जागी अहिराणी वापरायचा मोह आवरा. लाखोंच्या मायबोलीला चोरबोली ठरवणं बरं नाही, शिवाय तुमच्या टेबलावर ती सगळ्यांनाच कळते. ‘चोरखुणा’ म्हणा. वरवर साध्या वाटणाऱ्या बोलण्यात निरोप लपवायचा असतो, आणि तोच निरोप सरळ सांगण्यापेक्षा त्याला चौपट वेळ लागतो. पहारेकरी दारात उभा असताना हे विसरू नका.