नीरज चोप्राला ऑलिंपिक सुवर्णानंतर विमानप्रवास आयुष्यभर फुकट मिळाला का?

इंडिगोकडून तरी नाही, त्यांनी त्याला दिलेली सवलत फक्त एका वर्षाची होती: ८ ऑगस्ट २०२१ ते ७ ऑगस्ट २०२२, या काळात हवी तितकी उड्डाणं मोफत. कंपनीने तेव्हा जाहीरपणे सांगितलेली मुदतच ही होती. ‘आयुष्यभर’ हा शब्द आला स्टार एअरकडून. त्यांनी टोकियोच्या पदकविजेत्यांना आजीवन मोफत प्रवास जाहीर केला होता. गो फर्स्टने पाच वर्षं जाहीर केली, पण मे २०२३ मध्ये त्यांची विमानंच थांबली. अशा बक्षिसाची खरी अडचण हीच: कंपनी उडते आहे तोवरच त्याला किंमत. म्हणून मला रोख रक्कम केव्हाही जास्त मोलाची वाटते. हरियाणा सरकारने नीरजला ६ कोटी जाहीर केले, बीसीसीआयने १ कोटी.

मात्र रोखीतही राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला महाराष्ट्राने लगोलग जाहीर केले ते १ कोटी. हरियाणाच्या धोरणात मात्र कांस्यालाच अडीच कोटी आहेत.