प्लेस्टेशन २ मॉनिटरवर दिसत नाही

प्रश्न : प्लेस्टेशन २ ला छोटा एचडीएमआय अडॅप्टर लावला, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. टीव्हीवर पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने व्यवस्थित चालतो.

उत्तर : म्हणजे कन्सोल ठणठणीत आहे. बहुतेक गेमचं चित्र ४८०आय किंवा ५७६आय असतं, म्हणजे एकाआड एक ओळींनी रंगवलेलं, जुन्या टीव्हीसाठीचं. छोटे अडॅप्टर ते तसंच पुढे पाठवतात आणि बरेच मॉनिटर ते स्वीकारत नाहीत. कंपोनंट इनपुट असलेला, ७२०पी देणारा स्केलर (चित्र मॉनिटरला चालेल अशा रूपात बदलणारा डबा) घ्या, सोबत हिरवी-निळी-लाल कंपोनंट केबल. पण केबल बदलण्याआधी, टीव्हीवर दिसतंय तोवरच, कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशन मेनूत ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर न्या (रंग पाठवायच्या या दोन पद्धती). हे राहिलं तर रंग पार बिघडतात. मॉनिटरला स्पीकर नसेल, तर आवाजाच्या पांढऱ्या-लाल पिना थेट स्पीकरला जोडा. चित्र आडवं ताणलं गेलं, तर मॉनिटरच्या मेनूत ४:३ निवडा.