७८ च्या तबकड्या, हातमागाचे सदरे आणि मूससाहेबांचा बंगला: या तीन आवडींचा संबंध काय?

प्रश्न: तुम्ही स्वतःच्या ओळखीत '७८ च्या तबकड्या, हातमागाचे सदरे आणि मूससाहेबांचा बंगला' एवढंच लिहिलं आहे. या तीन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध? आणि हा बंगला आहे कुठे? बघण्यासारखा आहे का?

उत्तर:

बंगल्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन आवडी, म्हणजे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) आणि हातमागाचे सदरे, मला आधीपासून असल्या तरी त्यांचं मोल तिथे गेल्यावर कळलं.

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव रेल्वे स्टेशनच्या बाहेर पडलात की छायाचित्रकार केकी मूस यांचा हा दगडी बंगला अगदी जवळ आहे. स्टेशनसमोरची गर्दी नेहमीची असते. रिक्षावाले ओरडत असतात, शेवभाजीच्या तर्रीचा वास येत असतो, धुळ्याकडे जाणाऱ्यांची धावपळ चाललेली असते. या गर्दीत नवखा माणूस बंगल्यावरून सरळ पुढे निघून जातो.

चाळीसगावचा आताचा चेहरा रेल्वेने घडवला. १८६० च्या दशकात जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) लाइन खान्देशातून भुसावळकडे गेली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना, म्हणून आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला अचानक भाव आला. पुढे १९०० मध्ये धुळ्याचा फाटा निघाला आणि चाळीसगाव जंक्शन झालं. अशा रेल्वेच्या गावांमध्ये पारशी कुटुंबं दुकानदारी, सोडावॉटर, ठेकेदारी असे धंदे घेऊन आली. मूस कुटुंबही मुंबईहून इथे येऊन स्थिरावलं.

केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा. तरुणपणी ते इंग्लंडला गेले, कला आणि छायाचित्रण शिकले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले. मुंबईत स्टुडिओ थाटला असता तर पैसा आणि नाव दोन्ही हात जोडून उभे राहिले असते. त्यांनी मात्र या बंगल्याला 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' असं नाव दिलं आणि तिथेच राहिले. रेम्ब्रांट हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. काळोखातून एका बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर कसा पडतो, हे त्याच्याइतकं फार थोड्यांनी दाखवलं आहे. मूस यांची व्यक्तिचित्रं पाहिली की हे नाव का दिलं ते लगेच पटतं. सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा उजळलेला आणि उरलेला अंधारात असतो, तरी त्या अंधारातही कातडीचा पोत दिसतो.

जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस बंगल्याच्या बाहेर क्वचितच पडला. ३१ डिसेंबर १९८९ ला तिथेच त्यांचं निधन झालं. आता तिथे त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आणि संग्रहालय आहे.

चाळीसगावात कोणालाही विचारा, पहिली गोष्ट सांगतील ती पंजाब मेलची. मुंबईत त्यांचं एका मुलीवर प्रेम होतं म्हणे. एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्यासोबत जेवेन, असा तिने शब्द दिला होता. म्हणून रोज रात्री मेलच्या वेळेला बंगल्यात दिवे लागत, दारं-खिडक्या उघडत, बागेतल्या फुलांचा गुच्छ आणि दोघांचं जेवण तयार असे. गोष्ट सुंदर आहे, आणि गाव ती जिवापाड जपतं. पण बहुतेक लोक तेवढीच ऐकून परत जातात याचं मला वाईट वाटतं. वाट बघण्यापलीकडे या माणसाने पन्नास वर्षं जे काम केलं, ते त्या गोष्टीपेक्षा मोठं आहे.

त्यांचं टेबल-टॉप छायाचित्रण हे त्यातलं सर्वांत नवलाचं. या प्रकारात कलाकार टेबलावर एक छोटं जग मांडतो. काड्या, माती, कापूस, पीठ, काचेचे तुकडे, असं हाताशी जे असेल त्यातून झाडं, रस्ते, बर्फ, पाणी उभं करायचं. मग दिवा असा लावायचा आणि कॅमेरा अशा उंचीवर ठेवायचा, की बघणाऱ्याला ते खरंखुरं निसर्गदृश्य वाटावं. आकारमानाचं गणित जरा चुकलं की खेळण्यातलं घर खेळण्यातलंच दिसतं. सावली दोन दिशांना पडली की सगळं सोंग उघडं पडतं. मूस यांनी या कलेत देशोदेशींच्या प्रदर्शनांतून ढीगभर पारितोषिकं मिळवली. ज्या गावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तिथे बसून या माणसाने बर्फाळ देश उभे केले. कागदाच्या घड्या घालून केलेल्या आकृत्या, लाकूडकाम, चित्रं, जुन्या वस्तू आणि संगीताचा अफाट नाद हे सगळं त्याच घरात नांदत होतं.

तो टेबलाचा प्रकार मी डोळे फाडून बघत राहिलो आणि मला माझ्या तबकड्या आठवल्या. जागा अगदी थोडी, नियम कडक, आणि त्यात सगळा जीव ओतायचा. माझ्या तिन्ही आवडींना जोडणारा दोरा तो हाच.

७८ ची दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजते, फार तर साडेतीन. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या गवयाला, एकेका पदावर 'वन्स मोअर' घेणाऱ्या नटाला, सांगितलं जायचं की जे आहे ते या तीन मिनिटांत म्हणा. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांच्यासारख्या गायिकांपासून हे सुरू झालं. पुष्कळ लोक म्हणतात की या मर्यादेने गाण्याचं नुकसान झालं. मला ते मान्य नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शेवटच्या वर्षांतल्या तबकड्या ऐका. पहिल्या आलापातच राग समोर येऊन बसतो आणि एकही सूर उगाच लागलेला नसतो. जागा कमी आहे हे ठाऊक असलेला मोठा गवई काय निवडतो, ते ऐकण्यात मला वेगळाच आनंद मिळतो. भास्करबुवा बखल्यांचं गाणं मात्र तबकडीवर आलंच नाही. त्यांचं नुसतं वर्णन वाचताना आपण काय गमावलं ते कळतं आणि जीव हळहळतो.

नाट्यसंगीत मी आधी ऐकलं ते लग्नाच्या बँडवाल्यांच्या क्लॅरोनेटवर. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाराकडे निघाला की पुढे बँड असायचा. सिनेमाची गाणी वाजवून झाली की एखादा म्हातारा मास्तर स्वतःच्या हौसेने एखादं नाट्यपद उचलायचा. नाचणारी पोरं कंटाळून थांबायची, आणि मी मात्र त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहायचो. मूळ आवाज कोणाचा ते खूप पुढे कळलं. तो बालगंधर्वांचा होता. आणि या आवाजाचे पहिले धडे आमच्या जळगावात झाले आहेत! लहानपणी नारायण राजहंस (हे बालगंधर्वांचं खरं नाव) जळगावला नातलगांकडे राहत असताना मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. पुढे भास्करबुवांसारखे गुरू मिळाले हे खरं, पण पहिली अक्षरं इथली. जळगावच्या माणसाला याचा अभिमान असावा तेवढा नाही, असं मला वाटतं.

कपड्यांचा विषयही बालगंधर्वांपाशीच येऊन मिळतो. ते नऊवारी नेसून रंगमंचावर आले की घरंदाज बायका घरी जाऊन तसा अंबाडा घालायच्या, तसा पदर घ्यायच्या. पुरुष नटाने स्त्रियांच्या नेसण्याची रीत ठरवावी, ही गोष्ट आजही मला थक्क करते. उत्तम पैठण्या, खरे दागिने, गालिचे, अत्तरं यांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा खर्च केला आणि त्यांची नाटक कंपनी कर्जात बुडाली. तरी मागच्या रांगेतल्या माणसालाही खरं जरतारीच दिसलं पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. त्या हट्टावर माझं प्रेम आहे.

माझं स्वतःचं पोशाखाचं वेड फार साधं आहे. मी कापडाच्या दुकानात हिशोब बघतो, त्यामुळे दिवसभर ताग्यांच्या सान्निध्यात असतो. मी घालतो तो हातमागाच्या सुताचा, जुन्या बेताचा सदरा. हातमागाच्या कापडाचा पन्हा (रुंदी) लहान असतो, म्हणून जुने शिंपी सरळ पट्ट्या कापायचे. पुढचा-मागचा भाग एक सरळ पट्टी, बाजूला कळ्या, आणि बगलेत तिरका बसवलेला छोटा चौकोन. त्या चौकोनामुळे हात वर केला तरी सदरा ओढला जात नाही आणि शिवण उसवत नाही. कापड जवळजवळ वाया जात नाही. हे सगळं कुठल्याशा शिंप्याने शेकडो वर्षांपूर्वी शोधून ठेवलं आहे, आणि आमच्या उन्हाळ्यात त्यापेक्षा सुखाचा कपडा नाही. कोरं कापड पहिल्यांदा अंगाला टोचतं. धुण्यागणिक ते मऊ होत जातं आणि दुसऱ्या वर्षी खरं रंगात येतं. असा सदरा शिवणारे हात आता कमी झालेत. तुमच्या गावात कोणी असेल तर कृपा करून त्याला काम द्या.

खान्देशात राहून कापडाचं वेड असणं हे तसं स्वाभाविकच. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, सगळीकडे गिरण्या होत्या. अमळनेरच्या प्रताप मिलचे श्रीमंत प्रतापशेठ यांनी गिरणीच्या पैशातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. आणि १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथली सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी केली, तीही बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंची. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार आमच्या केळीच्या पट्ट्यात येऊन बांबूत देखणेपण शोधतो. मूस हे चाळीसगावच्या टेबलावर बर्फ पाडायला लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. आमच्या भागाला रुक्ष म्हणणाऱ्यांना मी या दोन गोष्टी नेहमी सांगतो.

घरी अर्थात वेगळं मत आहे. आमची आजी तबकडी लावली की म्हणायची, 'हाई कोन आयकस आते?' (हे आता कोण ऐकतं?) आणि मग स्वतः दाराशी बसून पूर्ण ऐकायची.

तुम्हाला तबकड्या जमवायच्या असतील तर दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगतो. या तबकड्या लाखेच्या असतात. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्याची ती लाख, त्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली. त्यामुळे त्या उन्हात वाकतात आणि पडल्या की फुटतात. खान्देशात त्यांना गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका, घरातली सर्वांत आतली, गार खोली द्या. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पुसायला स्पिरिट कधीही वापरू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसा, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा. चावीच्या यंत्रावर वाजवणार असाल तर लोखंडी पिन प्रत्येक बाजूला नवी लावा. दगडाची पूड पिनेला झिजवते, आणि झिजलेली पिन मग खाच खाते. काटकसर इथे करायची नाही.

आता बंगल्याबद्दल. बघण्यासारखा आहे का विचारलंत, तर हो, वाट वाकडी करून जा. मुंबईकडून किंवा भुसावळकडून येणाऱ्या पुष्कळ गाड्या चाळीसगावला थांबतात. आधी चौकशी करून जा, म्हणजे दार बंद मिळणार नाही. आत गेल्यावर घाईने सगळ्या खोल्या पालथ्या घालू नका. टेबल-टॉपच्या एका चित्रापुढे उभे राहा आणि उजेड कुठून आला आहे, सावली किती लांब आहे, यावरून ते झाड बोटभर आहे की पुरुषभर ते ओळखायचा प्रयत्न करा. मग व्यक्तिचित्रं बघा. हाताशी दिवस शिल्लक असेल तर पाटणादेवीला जा, चाळीसगावपासून जवळच, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत. तिथे चंडिकेचं जुनं दगडी देऊळ आहे, आणि थोर गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने तिथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जगापुढे आणला. दुपारी तिकडे ऊन फार असतं, म्हणून देऊळ सकाळी आणि बंगला नंतर असा बेत ठेवा. तिकडे रात्री राहायची सोय बेताची आहे, मुक्काम चाळीसगावातच करा.