कार्डाची थकबाकी डोक्यावर असताना कॅनडात पहिलं घर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) हातात आलाय, जूनमध्ये दोघंही नाशिकहून निघताय, तिथल्या क्रेडिट कार्डांवर मिळून तीनेक लाख रुपये थकलेत आणि वर्ष-दीड वर्षात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागाला घर घ्यायचा विचार आहे. कार्डांचं कर्ज तसंच ठेवून इथे आल्यावर डॉलरमधून फेडलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न.

माझं मत विचाराल तर नका ठेवू. निघायच्या आधी फेडा, त्यासाठी सोबत आणायची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. तिथलं कार्ड महिन्याला साडेतीन टक्के लावत असेल तर वर्षाचे ४२ टक्के होतात, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. इथे पहिले काही महिने भाडं, थंडीचे कपडे आणि नोकरीची शोधाशोध यातच जातात. तोवर ते तीन लाख कुठल्या कुठे जातील.

‘सिबिल (भारतातला क्रेडिट स्कोर) कॅनडात दिसत नाही, बँकेला काय कळणार,’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तुमचा स्कोर इथे आपोआप येत नाही हे खरं, इथे सगळं नव्याने उभं करावं लागतं. पण मॉर्गेजच्या, म्हणजे गृहकर्जाच्या, अर्जात तुमची सगळी देणी लिहायची असतात, भारतातलीसुद्धा, आणि खाली सही तुमची असते. शिवाय नवीन आलेल्यांकडे काही लेंडर (कर्ज देणाऱ्या संस्था) भारतातला क्रेडिट रिपोर्टही मागतात. लपवायच्या भानगडीत पडू नका.

आता मुख्य गणित. डाउन पेमेंट (घराच्या किमतीतला तुम्ही स्वतः भरायचा भाग) २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मॉर्गेजला विमा लागतो. सीएमएचसी या सरकारी गृहकर्ज-विमा संस्थेच्या नियमांप्रमाणे घराचा खर्च (हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, हीटिंग, कॉन्डो असेल तर निम्मी कॉन्डो फी) ढोबळ (कर कापण्याआधीच्या) उत्पन्नाच्या ३९ टक्क्यांत बसावा लागतो आणि इतर सगळ्या कर्जांचे हप्ते धरून ४४ टक्क्यांत. हप्ताही खऱ्या दराने धरत नाहीत. तुमचा दर अधिक २ टक्के किंवा ५.२५ टक्के, यातला जो जास्त तो धरतात.

दोघांचं मिळून वर्षाला १,१०,००० डॉलर उत्पन्न धरा. महिन्याचे साधारण ९,१६७. त्याचे ३९ टक्के ३,५७५ आणि ४४ टक्के ४,०३३. मधली फट ४५८ डॉलरची. बाकीच्या सगळ्या कर्जांचे हप्ते एवढ्यात बसले तर घराच्या रकमेला धक्का लागत नाही. पण इथे आल्या आल्या लोक काय करतात? गाडी घेतात, कर्जावर. महिन्याला ५२० डॉलरचा हप्ता आणि फट संपली. त्यावर कार्डावर १०,००० डॉलर थकलेले असले की त्यांचे ३ टक्के, म्हणजे ३०० डॉलर, दरमहा देणं म्हणून धरले जातात, तुम्ही मिनिमम कितीही भरत असलात तरी. तुमचा दर साडेचार टक्के असेल तर धरल्या जाणाऱ्या साडेसहा टक्के दराने २५ वर्षांसाठी दर हजार डॉलर मॉर्गेजमागे ६ डॉलर ७० सेंट हप्ता पडतो. म्हणजे त्या ३०० डॉलरपायी मंजूर होणारी रक्कम जवळजवळ ४५,००० डॉलरनी खाली येते. दहा हजारांच्या थकबाकीने पंचेचाळीस हजार खाल्ले!

म्हणून हातात जास्तीचे पैसे आले की डाउन पेमेंट वाढवू की कार्ड फेडू, हा प्रश्न पडला तर आधी कार्ड. आणि पहिल्या वर्षी शक्यतो जुनी गाडी रोख घ्या.

इथलं कार्ड मात्र घ्याच, त्याने स्कोर तयार व्हायला लागतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा. आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही: स्टेटमेंट निघतं त्या दिवशीचा आकडा सहसा क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे स्कोर ठेवणाऱ्या संस्थेकडे, जातो. दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याचंही कार्ड त्यामुळे भरलेलं दिसतं. अर्ज करायच्या आधीचे दोन-तीन महिने स्टेटमेंटच्या तारखेआधीच पैसे भरत जा.

मंजुरी आली म्हणून सैल सुटू नका. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने मंजुरी आणि ताबा यांच्या मधल्या काळात सोफा आणि पलंग ‘बारा महिने बिनव्याजी’ योजनेत घेतला. ते चक्क नवं कर्ज असतं. लेंडरने ताब्याआधी रिपोर्ट पुन्हा काढला, कर्ज दिसलं, आणि भावाकडून पैसे उसने आणून ते फेडेपर्यंत दोघांची झोप उडाली होती. जमिनीवर गाद्या टाकून झोपा, पण किल्ल्या हातात येईपर्यंत कुठेही सही करू नका.

रोख किती लागेल तेही सांगतो. ६,००,००० डॉलरच्या घराला किमान डाउन पेमेंट ३५,००० (पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के, वरच्यावर १०). विम्याचा ४ टक्के प्रीमियम कर्जात मिळवतात, पण त्यावरचा ऑन्टारियो प्रांताचा ८ टक्के कर, साधारण १,८०० डॉलर, रोखच द्यावा लागतो. लँड ट्रान्सफर टॅक्स (घर नावावर होताना प्रांताला द्यायचा कर) ८,४७५. पहिलं घर घेणाऱ्याला त्यात ४,००० पर्यंत सूट आहे, पण जगात कुठेही तुमच्या नावावर घर कधीच नसलं पाहिजे. तुम्ही नाशिकच्या फ्लॅटवर वडिलांबरोबर तुमचंही नाव असल्याचं लिहिलंय, म्हणजे तुम्हाला ती सूट मिळणार नाही. वकिलाची फी वेगळी.

डाउन पेमेंटची रक्कम कुठून आली हे ९० दिवसांच्या स्टेटमेंटवरून बघतात. घरच्यांनी मदत केली तर गिफ्ट लेटर (ही रक्कम परत करायची नाही असं त्यांचं पत्र) लागतं. भारतातून पैसे आणायचे असतील तर ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, आणि तिथली कार्डं बंद केल्यावर बँकेकडून नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचं) पत्र आठवणीने घ्या. ते इथून मागवायचं म्हणजे महिनोन्‌महिने फोन करत बसावं लागतं.