युरोपात मोटारीने निवांत, निसर्गरम्य प्रवास करायचा असल्यास मार्ग कसा आखावा?

संपूर्ण युरोप एका दमात पाहण्याचा मोह सोडून केवळ आल्प्स निवडावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. म्युनिकहून निघून साल्झबुर्गमार्गे ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर हा १९३५ साली खुला झालेला, सुमारे ४८ किलोमीटर लांबीचा आणि ३६ अवघड वळणांचा घाटरस्ता पार करावा व पुढे इटलीतील डोलोमाइट पर्वतरांगेत किमान तीन मुक्काम करावेत, कारण तेथील फिकट कडे सूर्यास्ताला गुलाबी होताना पाहायचे, तर हाताशी वेळ हवाच. हा घाट हिवाळ्यात बर्फामुळे आणि एरवीही रात्री बंद असतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. घाटाचा टोल ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी लागणाऱ्या विन्येटमध्ये (ठरावीक मुदतीच्या पथकर-पासात) धरलेला नसतो, तो वेगळा भरावा लागतो. भारतातून जाणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना निघण्यापूर्वीच काढून घ्यावा.